भयपटातील खल आणि दंड : कोलकात्याच्या चित्रपटपरंपरेतील न्यायकल्पनेचा वेध

भयपटाच्या अखेरीस खलनायकाला शासन झालेच पाहिजे काय, हा प्रश्न वरवर पाहता प्रेक्षकांच्या अभिरुचीपुरता मर्यादित वाटतो. वस्तुतः त्यामागे न्यायाविषयीचा एक जुना वाद उभा आहे. कलाकृतीत सज्जनाला सुफळ आणि दुर्जनाला दंड मिळावा, या अपेक्षेला टॉमस रायमर या इंग्रज टीकाकाराने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘काव्यगत न्याय’ असे नाव दिले. आपल्याकडील पुराणकथा, कीर्तने आणि लोकनाट्ये यांनी ही अपेक्षा नावाविनाच शतकानुशतके जोपासली. भयकथेत मात्र या अपेक्षेला एक वेगळीच अडचण येते. भयकथेतील भूत हे बहुधा अन्यायाने मेलेल्या माणसाचे असते. म्हणजे गुन्हा कथेपूर्वीच घडून गेलेला असतो आणि पीडित व्यक्तीच भयाचे कारण होऊन परत येते. अशा कथेत खल कोणाला म्हणावे, त्याला शासन करण्याचा अधिकार कोणाचा आणि त्या शासनाने नेमके काय साधते, हे तिन्ही प्रश्न एकदम उपस्थित होतात.

कोलकात्याच्या चित्रपटसृष्टीत आणि तेथून मुंबईस गेलेल्या बंगाली कलावंतांच्या चित्रपटांत या प्रश्नांची जी उत्तरे दिली गेली, त्यांचा क्रम प्रस्तुत निबंधात पाहावयाचा आहे. दंड आणि न्याय या दोन गोष्टी एकच नाहीत, याची जाणीव या परंपरेतील उत्तम चित्रपटांनी ठेवली, आणि खलाला शासन होण्यापेक्षा त्याच्या कृत्याचा उच्चार होणे त्यांनी अधिक मोलाचे मानले, असे या क्रमावरून दिसून येते.

भयानक रस आणि अपराधाची जाणीव

भरताने नाट्यशास्त्रात भयानक रसाची जी कारणे सांगितली आहेत, त्यांत विकृत आवाजाच्या प्राण्यांचे वा भूतांचे दर्शन, युद्ध, अरण्य आणि ओसाड घर यांच्या जोडीने गुरू व राजा यांच्याप्रती घडलेल्या अपराधाचाही समावेश केला आहे. या यादीतील शेवटचे कारण विशेष विचारार्ह आहे. ओसाड घराचे भय बाहेरून येते, तर अपराधाचे भय अपराध्याच्या मनातच असते. भयानकाची देवता काल अथवा यम मानली गेली, हेही येथे लक्षात घ्यावे लागेल, कारण यम हा मृत्यूचा अधिपती असून तोच पापपुण्याचा निवाडाही करतो. भय आणि निवाडा यांचा संबंध असा प्राचीन आहे. तथापि भरताने भयानकाच्या निष्पत्तीसाठी अपराध्याला दंड झाल्याचे दाखविणे आवश्यक मानलेले नाही. अपराध घडला आहे आणि तो उघड होऊ शकतो, एवढी जाणीव रसनिष्पत्तीस पुरेशी ठरते.

बारगीर : दंडित खल आणि न सरलेले भय

बंगालच्या भयस्मृतीचा विचार मराठी अभ्यासकाला एका अवघड जागेवरून सुरू करावा लागतो. तेथील लोकस्मृतीतील एक प्रमुख खल मराठा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी १७४२ ते १७५१ या काळात बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. सरकारी घोडा व शस्त्र घेऊन लढणाऱ्या शिपायाला मराठीत बारगीर म्हणत. त्याच शब्दाचे बंगालीत ‘बर्गी’ झाले आणि तो लुटारूचा पर्याय बनला. कलकत्त्याच्या रहिवाशांनी या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ पासून शहराभोवती खंदक खणावयास घेतला. तो पूर्ण झाला नाही आणि मराठे त्याच्यापर्यंत पोहोचलेही नाहीत. १७९९ मध्ये तो बुजवून सर्क्युलर रोड करण्यात आला. बागबाजार भागातील ‘मराठा डिच लेन’ या नावाने त्याची आठवण राखली आहे.

या स्वाऱ्यांवर गंगाराम या कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ हे बंगाली काव्य रचले. त्याचे उपलब्ध कांड ‘भास्कर पराभव’ या नावाचे असून त्यातील न्यायकल्पना मोठी गुंतागुंतीची आहे. पृथ्वीवर पाप वाढले, म्हणून शिवाच्या योजनेनेच मराठे बंगालवर पाठविले गेले, अशी कवीची मांडणी आहे. म्हणजे आरंभी मराठा सेनापती भास्करराम कोल्हटकर हा दंड देणारा आहे. पुढे त्याच्या फौजेने ब्राह्मण, वैष्णव आणि स्त्रिया यांच्यावर अत्याचार केले, तेव्हा देवीने त्याच्यावरील कृपा काढून घेतली आणि तो स्वतःच दंडास पात्र ठरला. इतिहासातही १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने मनकरा येथे भेटीस बोलावून भास्कररामाची हत्या करविली. दंड देणाराच खल व्हावा आणि खलाला झालेला दंड पुन्हा विश्वासघाताच्या मार्गाने यावा, असा हा पेच आहे.

भास्कररामाच्या वधाने भय संपले नाही. स्वाऱ्या पुढे सात वर्षे चालल्या. १७५१ च्या तहाने ओरिसातील सत्ता व वार्षिक बारा लाख रुपये चौथ मिळाल्यावर त्या थांबल्या. त्यानंतरही बंगाली घरांतून मुलांना निजविताना म्हटल्या जाणाऱ्या अंगाईगीतात बर्गी आणि साऱ्याची चिंता टिकून राहिली. खलाला शासन झाल्याने भयाची समाप्ती होते, या समजुतीची मर्यादा एवढ्या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावी.

नियमांची चौकट

चित्रपटातील खलाच्या दंडाला बाह्य नियमनाचाही संदर्भ आहे. अमेरिकेत १९३० मध्ये तयार झालेल्या आणि १९३४ पासून कठोरपणे अमलात आलेल्या निर्मितीसंहितेने प्रेक्षकांची सहानुभूती गुन्हेगाराकडे जाता कामा नये, असे बंधन घातले. तिचा परिणाम ‘द बॅड सीड’ या १९५६ च्या चित्रपटात ठळकपणे दिसतो. मूळ कादंबरीत व नाटकात खुनी बालिका जिवंत राहते. चित्रपटात मात्र तिच्यावर वीज कोसळविण्यात आली. कथेच्या ओघात न बसणारा हा दंड प्रेक्षकांपेक्षा नियमांच्या समाधानासाठी होता.

भारतात १९१८ च्या कायद्यान्वये १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे परिनिरीक्षण मंडळे स्थापन झाली. वसाहतकालीन सत्तेला चिंता होती ती मुख्यतः राजद्रोहाची, सार्वजनिक शांततेची आणि गोऱ्या समाजाच्या प्रतिष्ठेची. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये केंद्रीय मंडळ आले व १९५२ चा चलचित्र कायदा झाला. त्या कायद्यात शिष्टाचार, नीतिमत्ता आणि गुन्ह्यास चिथावणी यांचा विचार आहे. हिंसेचे उदात्तीकरण होऊ नये, असे पुढील मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. खलाला अखेरीस शासन झालेच पाहिजे, असे कलम मात्र त्यात नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या लघुपटाविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये, विषय अप्रिय आहे एवढ्यावरून आक्षेप घेता येणार नाही, तो कसा हाताळला आहे हे पाहिले पाहिजे, अशा आशयाची भूमिका घेतली. कलकत्ता हे त्या लघुपटातील चार शहरांपैकी एक होते. तेव्हा भारतीय भयपटाच्या अखेरीस जो दंड येतो, त्याचे मूळ कायद्याच्या शब्दांत शोधण्यापेक्षा कथापरंपरेत आणि प्रेक्षकांच्या मनात शोधणे अधिक योग्य ठरेल.

सूड, उलगडा आणि साक्ष : १९५० ते १९६२

स्वातंत्र्योत्तर बंगाली भयपटाचा आरंभ सामान्यतः नरेश मित्र दिग्दर्शित ‘कंकाल’ (१९५०) या चित्रपटापासून मानला जातो. धीराज भट्टाचार्य यांनी त्यात रंगविलेल्या खलाच्या हातून एका स्त्रीचा मृत्यू होतो आणि तिचा आत्मा सूड घेण्यास परततो. येथे पीडिता, साक्षीदार, न्यायाधीश आणि दंड देणारी या चारही भूमिका एकाच व्यक्तीकडे आहेत. पोलीस आणि न्यायालय यांना कथेत निर्णायक स्थान उरत नाही.

हा चित्रपट ज्या शहरात निर्माण झाला, त्या शहराचे नजीकचे पूर्वायुष्य विसरून चालणार नाही. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे दगावली असा अंदाज आहे. शासनाने नेमलेल्या चौकशी आयोगाने १९४५ मध्ये अहवाल दिला, परंतु त्या मृत्यूंबद्दल कोणाला शिक्षा झाली नाही. ऑगस्ट १९४६ मधील दंगलीत हजारो माणसे मारली गेली. बहुसंख्य मारेकरी अनाम राहिले. पाठोपाठ फाळणी आली आणि निर्वासितांचे लोंढे शहरात आले. या घटनांचे थेट प्रतिबिंब भयपटांत पडले, असे म्हणणे धाडसाचे होईल. तरीही मृतांना न्याय मिळालेला नाही हे ज्या प्रेक्षकांना अनुभवाने ठाऊक होते, त्यांच्यासमोर मृत व्यक्ती स्वतःच्या न्यायासाठी उभी राहते, या कल्पनेला केवळ करमणुकीपलीकडचा अर्थ असणे स्वाभाविक होते.

‘कंकाल’च्या पाठोपाठ आलेल्या दोन चित्रपटांनी वेगळी वाट धरली. अजय कर यांचा ‘जिघांसा’ (१९५१) हा आर्थर कॉनन डॉईल यांच्या बास्करव्हिलच्या शिकारी कुत्र्याच्या कथेवर आधारलेला होता; प्रेमेंद्र मित्र यांचा ‘हानाबाडी’ (१९५२) झपाटलेल्या घराभोवती रचलेला होता. दोहोंत भुताटकीच्या आड मानवी कारस्थान निघते. अशा कथेत खलाचे पितळ उघडे पडले की भय आणि गुन्हा यांचा एकदमच निकाल लागतो. बुद्धीने जगाची घडी पुन्हा बसविता येते, हा विश्वास त्यांच्या मुळाशी आहे. याच धाग्यावर हेमंतकुमार निर्मित आणि बिरेन नाग दिग्दर्शित ‘बीस साल बाद’ (१९६२) हा हिंदी चित्रपट उभा राहिला. त्यात मात्र उलगडा झाल्यावर मन निर्धास्त होत नाही. कारण खुनी म्हणून जो सापडतो, तो ठाकुराच्या अत्याचारास बळी पडलेल्या मुलीचा बाप असतो. मूळ अपराधी कोण आणि दंडित कोण, यांतील अंतर प्रेक्षकांना जाणवत राहते.

या दोन वाटांचा सर्वांत विचारपूर्वक मेळ ‘मधुमती’ (१९५८) मध्ये घातलेला आढळतो. बिमल रॉय हे कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये घडलेले दिग्दर्शक. कथा ऋत्विक घटक यांची. मधुमतीच्या मृत्यूस कारण झालेला उग्रनारायण श्रीमंत व सत्ताधारी आहे आणि त्याच्याविरुद्ध पुरावा नाही. म्हणून मधुमतीसारख्या दिसणाऱ्या तरुणीला समोर उभी करून त्याच्याकडून कबुली मिळविण्याचा बेत आखला जातो. प्रत्यक्षात त्या तरुणीला पोहोचण्यास उशीर होतो आणि तिच्याऐवजी खुद्द मधुमतीच येऊन, इतर कोणास ठाऊक असणे अशक्य असे प्रश्न विचारते. उग्रनारायण कोसळतो आणि पोलिसांच्या हाती लागतो.

येथील श्रमविभागणी अर्थपूर्ण आहे. भूत खलाला ठार करीत नाही, त्याच्या अंगावर धावूनही जात नाही. ते साक्ष देते. दंडाचे काम कायद्याकडे सोपविलेले आहे. नव्या प्रजासत्ताकातील न्यायव्यवस्थेवरचा विश्वास आणि तिच्यापर्यंत दुर्बलाची साक्ष पोहोचत नाही ही खंत, या दोन्ही गोष्टी या प्रसंगात एकत्र आल्या आहेत. शिवाय उग्रनारायणाच्या अटकेने नायकाचे दुःख संपत नाही. तो मधुमतीच्या मागे जाऊन गच्चीवरून कोसळतो. दंड झाला तरी गेलेले परत येत नाही, हे सत्य चित्रपटाने झाकलेले नाही.

दंडाविना भय : रवींद्रनाथांच्या कथा पडद्यावर

याच सुमारास रवींद्रनाथ ठाकूर यांच्या दोन कथांवरील चित्रपटांनी दंडाची अपेक्षाच बाजूस सारली. तपन सिन्हा यांच्या ‘क्षुधित पाषाण’ (१९६०) मध्ये कर वसूल करणारा एक अधिकारी ओस पडलेल्या राजवाड्यात राहावयास जातो आणि तेथील गतकालीन विलास व वेदना यांच्या विळख्यात सापडतो. ज्यांनी त्या वाड्यात स्त्रियांना डांबले, ते सत्ताधीश केव्हाच नाहीसे झालेले आहेत. खल आहे, परंतु दंड देण्याजोगा देह उरलेला नाही. उरले आहेत ते दगड, आणि त्यांची भूक पुढील पिढीतील निरपराध माणसाला ग्रासते.

सत्यजित राय यांच्या ‘तीन कन्या’ (१९६१) मधील ‘मणिहारा’ हा भाग याहून अधिक निष्ठुर आहे. दागिन्यांवर जीव असलेली मणिमालिका पतीवर संकट येताच आपले अलंकार हातचे जातील या धास्तीने मधुसूदन या नातलगासोबत घर सोडते आणि पुन्हा दिसत नाही. तिचे काय झाले असावे, हे प्रेक्षक ओळखतो. पुढे पतीने आणलेल्या दागिन्यांच्या पेटीवर सांगाड्याचा हात झडप घालतो. पण मधुसूदनाचे काय झाले? कथा त्याच्याकडे वळूनही पाहत नाही. संशयित खुनी दृष्टिआड होतो आणि भय वाट्याला येते ते पतीच्या.

या मौनाचा अर्थ चित्रपटाच्या रचनेत आहे. नदीघाटावर एक शिक्षक ही कथा एका पांघरूण घेतलेल्या माणसाला सांगत असतो. कथा संपल्यावर तो श्रोता आपणच फणिभूषण, म्हणजे त्या स्त्रीचा पती, असल्याचे सांगतो, कथेतील चुकांकडे लक्ष वेधतो आणि नाहीसा होतो. मृत माणूस सूड मागावयास आलेला नाही. आपल्याविषयी काय सांगितले जाते, ते ऐकावयास तो आला आहे. गावात पसरलेल्या कथेने त्याच्या पत्नीला लोभी ठरविले, त्याला दुबळा ठरविले आणि चोराला मोकळे सोडले. अन्यायाचा एक भाग कृत्यात असतो आणि दुसरा त्या कृत्याच्या सांगण्यात असतो, हे राय यांनी अत्यंत संयमाने दाखविले. परदेशांत हा चित्रपट ‘मणिहारा’ वगळून दोन कथांचा म्हणून दाखविला गेला. त्यामुळे राय यांच्या या पैलूकडे बाहेरच्या प्रेक्षकांचे लक्ष उशिरा गेले.

विनोद, वारसा आणि दंडाचे पुनरागमन

एकविसाव्या शतकातील कोलकात्याने भूतकथेला विनोदाची जोड दिली. त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय आणि परशुराम यांच्या लेखनात या विनोदी भुतांची परंपरा पूर्वीच रुजलेली होती. अनीक दत्त यांच्या ‘भूतेर भविष्यत्’ (२०१२) मध्ये एका जुन्या वाड्यात निरनिराळ्या काळांतील भुते एकत्र राहतात आणि वाडा पाडून इमारत उठवू पाहणाऱ्या बांधकाम व्यावसायिकाला घाबरवून पळवून लावतात. खलाला येथे मृत्युदंड नाही. त्याचा बेत फसणे हेच त्याचे शासन. शहराच्या जुन्या वास्तू नाहीशा होत असताना भुतांचा निवारा हा स्मृतीचाच निवारा ठरतो. भूत या शब्दाचा ‘होऊन गेलेले’ हा अर्थ बंगालीत आणि मराठीत सारखाच असल्यामुळे या शीर्षकातील श्लेष मराठी वाचकालाही सहज कळावा.

अपर्णा सेन यांच्या ‘गयनार बाक्शो’ (२०१३) मध्ये बालविधवेच्या भुताने राखलेली दागिन्यांची पेटी अखेरीस १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या कामी येते. तिचे आयुष्य करपविणारी रूढी ही कोणा एका माणसाच्या रूपात समोर येत नाही. म्हणून तेथे दंडाऐवजी भरपाईचा विचार आहे. ‘मणिहारा’तील पेटीशी या पेटीची तुलना उद्बोधक ठरेल.

अनीक दत्त यांच्याच ‘भविष्यतेर भूत’ या चित्रपटाने हा विषय पडद्याबाहेर आणला. परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मिळालेला हा राजकीय उपहासपट १५ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शित झाला आणि दुसऱ्याच दिवशी कोलकात्यातील चित्रपटगृहांतून उतरविला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०१९ रोजी राज्य शासनास वीस लाख रुपये भरपाई व एक लाख रुपये खर्च देण्याचा आदेश दिला. खलाला शासन व्हावे की नाही, या प्रश्नाच्या मागे खल कोणाला म्हणावयाचे हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे, हा प्रश्न असतो, याची आठवण या प्रकरणाने करून दिली.

यानंतर ‘बुलबुल’ (२०२०) या हिंदी चित्रपटाने दंड पुन्हा मध्यवर्ती केला. अन्विता दत्त यांनी एकोणिसाव्या शतकातील बंगालच्या पार्श्वभूमीवर रचलेल्या या कथेत अत्याचारास बळी पडलेली जमीनदाराची पत्नी चेटकीण होऊन स्त्रियांना छळणाऱ्या पुरुषांना ठार करते. ‘कंकाल’पासून सत्तर वर्षांनी सूड घेणारी स्त्री परत आली, आणि दंडरहित शेवटाविरुद्धचा सर्वांत सबळ युक्तिवाद तिच्या रूपाने समोर आला. ज्या पीडितांना प्रत्यक्ष जीवनात न्याय मिळत नाही, त्यांना कलेतही तो नाकारणे हे वास्तवाच्या क्रौर्याची पुनरावृत्ती करणे नव्हे काय? हा आक्षेप टाळता येणार नाही. संदिग्ध शेवटाचे कौतुक करणे ज्याला अन्यायाची झळ लागलेली नाही, त्याला सोपे जाते.

तथापि दंडाने कथा मिटते, या गृहीताला मराठी चित्रपटांतूनही उत्तर मिळते. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये तात्या विंचू भुवयांच्या मधोमध गोळी लागून संपतो. वीस वर्षांनी दुसऱ्या भागात तो परततो. एका माणसात एकवटलेला खल मारता येतो, म्हणूनच तो पुन्हा उठविताही येतो. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ (२०१७) मध्ये भयाचे मूळ स्त्रीभ्रूणहत्येत आहे; तेथे दोषी व्यक्ती आहेत, पण त्यांच्या मागे कुटुंबाची व गावाची संमती उभी आहे. एका व्यक्तीला शासन करून ती संमती दंडित होत नाही.

या सर्व उदाहरणांवरून असे म्हणता येईल की, भयपटाच्या अखेरीस खलाला दंड होणे आवश्यक नाही आणि निषिद्धही नाही. गुन्हा एका हाताने केलेला असेल आणि न्यायाची वाट बंद असेल, तर ‘कंकाल’ आणि ‘बुलबुल’ यांमधील सूड समजण्यासारखा आहे. गुन्हा व्यवस्थेचा, रूढीचा वा गतकालाचा असेल, तर एका खलाचा बळी देऊन प्रेक्षकाला निश्चिंत घरी पाठविणे ही दिशाभूल ठरते. कारण त्या गुन्ह्यातील प्रेक्षकाचा स्वतःचा वाटा त्यामुळे झाकला जातो. दोन्ही प्रकारांत एक अट मात्र अटळ आहे. जे घडले ते कथेने स्पष्ट केले पाहिजे आणि मृताची बाजू ऐकली गेली पाहिजे. मधुमती न्यायाच्या दारी साक्ष देते, फणिभूषण घाटावर बसून आपली चुकीची कथा ऐकून घेतो. या दोघांपैकी एकाच्या वैऱ्याला अटक झाली आणि दुसऱ्याचा वैरी मोकळा राहिला. पण दोघांचीही कहाणी प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. दुष्काळ, दंगल आणि फाळणी यांतील असंख्य मृतांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.